कोमट ओल

छतातल्या स्पीकरला आमच्या घरात बंद करायचं बटण नाही. कोरियातल्या इंचॉनच्या या वसाहतीत कुणाच्याच घरात नाही. व्यवस्थापन कचेरीतल्या बाईंच्या मनात येईल तेव्हा त्या प्रत्येकाच्या बैठकीच्या खोलीत येतात, घसा खाकरतात आणि बोलतात. तुम्ही जेवत असा, भांडत असा, त्यांना काय. पाण्याच्या टाक्या धुणार आहेत, पिवळी धूळ वाढली आहे तेव्हा खिडक्या लावून घ्या, वरच्या मजल्यावरच्यांनी मुलांना घरात उड्या मारू देऊ नये. त्या दुपारी मी जमिनीवर बसून कोंगीच्या झबल्यांच्या घड्या करत होते आणि बाई आल्या. "दुसऱ्या जिन्याच्या लिफ्टमध्ये कुणाच्या तरी कुत्र्याने घाण केली आहे. कुत्री पाळणाऱ्या रहिवाशांनी आपापलं जनावर कडेवर घेऊनच लिफ्टमध्ये चढावं, अशी कळकळीची विनंती आहे." त्यांच्या पद्धतीप्रमाणे विनंती दोनदा केली. स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "घ्या! कुत्री पाळायची हौस आणि मुतायला लिफ्ट. आमच्या वान्दो बेटावर कुत्रं निदान खांब तरी शोधतं." मी हसले, आणि ते हसू अर्ध्यातच थिजलं. बाळंतपणानंतर त्या सकाळी पहिल्यांदाच मी एकटी खाली गेले होते, खरकट्याची पिशवी घेऊन, आणि दुसऱ्या जिन्याच्या लिफ्टने वर आले होते. आमच्याकडे कुत्रं नाही.

लिफ्टमध्ये काय झालं ते मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. खालून चढले तेव्हा आत नवव्या मजल्यावरचे आजोबा होते, तोंडाला मास्क, हातात कोबीचा गड्डा. त्यांनी मान हलवली, मी हलवली. त्यांना खोकला आला, त्यांचा खोकला ऐकून मलाही आला. आरशात माझा लांब कोट दिसत होता, घोट्यापर्यंतचा, आणि कोटाखाली काय चाललंय ते आरशाला दिसत नव्हतं तसंच मलाही कळत नव्हतं. खरी गोची तीच होती. ओलं होतं तेव्हा मला कळत नाही. गार झाल्यावर कळतं. कोंगी दिवसभर आणि मग आणखी एक रात्र अडून बसली, शेवटी डोक्याला यंत्र लावून तिला ओढून काढली, त्या ओढाओढीत माझं जे फाटलं ते टाके घालून शिवलं. पण टाक्यांना न दिसणारं असं काहीतरी आत ताणलं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, नस दमली आहे, येईल परत, व्यायाम करा, तपासणीला या. नस दमली आहे हे ते इतक्या सहज म्हणाले, जणू ती बाहेरगावी विश्रांतीला गेली आहे. बाळंतिणींच्या केंद्रात आम्ही सगळ्या एकसारखे गुलाबी झगे घालून बाळंतिणीला देतात ते समुद्री शेवाळाचं कढण पीत होतो, तिथल्या नर्सला मी एकदा हळूच विचारलं. ती म्हणाली, "अहो आई, सगळ्यांचं थोडंफार गळतंच." बाकीच्या सगळ्या हसल्या. मीही हसले आणि कानाला खडा लावला. तपासणीला मी गेले नाही. गेले तर तोंडाने ते सांगावं लागणार होतं.

मूल झाल्यावर आमच्याकडे बाईचं नाव जातं, कोंगीची आई एवढंच उरतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कोंगीलाही अजून खरं नाव नव्हतं. कोंगी हे पोटातलं नाव, कोंग म्हणजे सोयाबीनचा दाणा. खरं नाव काढायला सासरे वान्दोच्या नावं काढणाऱ्या म्हाताऱ्याकडे खेटे घालत होते. एकूण घरात बिननावाच्या आम्ही दोघी, आणि तिसऱ्या सासूबाई, ज्यांना नावाची गरजच नव्हती, कारण घर त्यांचंच झालं होतं. आल्या त्या दिवशीच त्यांनी जमिनीखालून फिरणाऱ्या गरम पाण्याची ऊब वाढवली, खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली, मला जाड मोज्यांचे दोन-दोन जोड घालायला लावले. "बाळंतिणीच्या हाडात वारा शिरला की तो मरेपर्यंत निघत नाही. माझ्या गुडघ्याला विचार." बाहेर पिवळी धूळ, आत चुलाण्यासारखी तापलेली जमीन. त्या तापल्या जमिनीवर आम्ही बसत होतो, जेवत होतो, निजत होतो. दुपारी इतकं शांत व्हायचं की मोठ्या परातीत भिजत घातलेलं शेवाळ फुगताना ऐकू येतंय असं वाटायचं. मूठभर काळा सुकलेला चुरा घालायचा, आणि थोड्या वेळाने परात भरून हिरव्या लांब जिभा वर आलेल्या असायच्या. सासूबाईंचा अंदाज नेहमी चुकायचा. शेवाळ परातीबाहेर यायचं आणि कडेवरून हळूहळू लोंबायचं, आणि मला तिकडे पाठ करून बसवायचं नाही.

जमिनीवरून उठताना सुटायचं, खोकल्यावर सुटायचं; पण सगळ्यात जास्त सुटायचं ते कोंगीला उचलताना. वाकून, दोन्ही हात तिच्या खाली घालून वर उचललं की आतला कुठलासा नळ ढिला व्हायचा. मोठ्या माणसांचे वापरून टाकायचे लंगोट दुकानात मिळतात. पण आमच्या घरचा कचरा सासूबाई निवडतात. प्लास्टिक वेगळं, कागद वेगळा, आणि प्रत्येक वस्तू उलटसुलट करून, तांदूळ निवडावेत तशी. म्हणून मी कोंगीचे लंगोट चोरत होते. दाण्याएवढ्या पोरीचे लंगोट, माझ्यासारख्या थोराड बाईला काय पुरणार! उरलं ते कपड्यात आणि कपड्यातून जमिनीवर. मग मी तिला उचलायचंच टाळायला लागले. ती रडली की मी "आई!" अशी हाक मारायची, आणि सासूबाई हात पुसत येऊन तिला माझ्या कुशीत आणून ठेवायच्या, मी आडवं पडूनच पाजायची. मग त्या बघायला लागल्या. कोंगी रडायला लागली की स्वयंपाकघरातल्या सुरीचा आवाज थांबायचा. मी उठते का, हे त्या पाहत असायच्या. मी उठत नव्हते. सुरी पुन्हा चालू व्हायची.

आणि त्याच सुमारास ती ओल दिसायला लागली. आधी न्हाणीच्या उंबऱ्याशी. ती माझीच असणार म्हणून मी मोज्याने पुसून टाकली. मग सोफ्याच्या पायाशी. तीही माझी. मग एका दुपारी पूर्वेकडच्या लहान खोलीत गेले, जिथे आम्ही फक्त कपडे वाळत घालतो, तर खिडकीखाली थाळीएवढी ओल. हात लावला, कोमट. जमीनच तापलेली, तिथे सगळंच कोमट होतं, त्यावरून काही ठरत नव्हतं. पण त्या खोलीत मी दोन दिवस पाऊल टाकलं नव्हतं. कपडे सासूबाई घालत होत्या. मी तिथे उकिडवी बसून त्या ओलीकडे पाहत राहिले. मी आले असेन का? झोपेत? आणि जिला आपलं शरीर कधी काय करतं हे कळत नाही, तिला आपण कुठे गेलो होतो हे तरी कळेल असं कशावरून? नंतर आले तर ओल नाही. जमिनीने ती पिऊन टाकली होती, कडेला फक्त एक पुसट पांढुरकी रेघ. त्यानंतर मला घरात कुणीतरी आहे असं वाटायला लागलं. कुणीतरी, जे माझ्यासारखंच गळतं. माझ्या आधी खोलीत जातं, बसतं, उठतं, आणि जाताना आपली खूण ठेवून जातं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर लोकांनी माझी ओल सोडून डोकंच तपासायला नेलं असतं.

मी सहा वर्षांची असताना गोंगजूला आजीकडे राहत होते. तिथे एकदा अंथरूण ओलं केलं. आमच्याकडे अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाला शिक्षा ठरलेली आहे: धान्य पाखडायचं सूप डोक्यावर उलटं घालायचं, हातात वाटी द्यायची आणि शेजारी मीठ मागायला पाठवायचं. त्यात दुष्टपणा काही नाही, सगळा गाव हसतो, पोरगंही मोठेपणी ती गोष्ट रंगवून सांगतं. माझा नवरा तर आपली गोष्ट दारू पिताना हमखास सांगतो, दोन मावश्यांनी त्याला दोन घरी पाठवलं होतं आणि तो दोन्हीकडचं मीठ विकायला निघाला होता. मी माझी गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. सुपाखाली अंधार होता, कोंड्याचा वास होता, आणि समोर फक्त रस्त्याची एक पट्टी दिसत होती. त्या पट्टीत पाय दिसत होते. एक जोडी, मग तीन, मग खूप. कुणी बोलत नव्हतं, हसू दाबत होते. शेजारच्या गिरणीवालीने वाटीत मीठ घातलं आणि भाताच्या पळीने सुपावर फाडकन मारलं. "पुन्हा करशील?" सुपाच्या आत तो आवाज माझ्याच डोक्यातून आल्यासारखा आला. पायांच्या त्या जोड्या मग रस्ताभर माझ्याबरोबर चालत राहिली असं मला वाटत होतं. कदाचित तेच पाय असतील, कदाचित नसतील. पुन्हा मी कधी केलं नाही. इतकं नाही केलं की धरून ठेवणं हीच माझी जन्माची कला झाली. बँकेच्या काउंटरवर मी सकाळी बसले की जेवायच्या सुट्टीपर्यंत उठत नसे, बाजूच्या मुली म्हणायच्या, "ताई, तुम्ही पाणी पिता ते जातं कुठे?" मला त्याचा अभिमान होता, असल्या गोष्टीचा अभिमान धरणारी मी एकटीच असेन. आता ती कला गेली आणि तिच्या जागी काहीच उरलं नाही.

मी पाणी पिणं सोडलं. आत गेलं नाही तर बाहेर यायचं नाही, असा माझा बँकेतला हिशोब. सासूबाई वाडगाभर कढण समोर ठेवायच्या, वर म्हणायच्या, "हे आमच्या किनाऱ्यावरचं आहे, दुकानातलं नव्हे. पी, पोरीसाठी पी." त्या वळल्या की मी अर्धं मोरीत ओतायची. व्हायचं तेच झालं, दूध आटलं. कोंगी चोखून चोखून दमायची, तोंड लालबुंद करून रडायची. तिचं वजन वाढेना. तिच्या कुल्ल्यावरचा निळा डाग, जन्माच्या आजीने, म्हणजे मुलं देणाऱ्या देवीने, मुलाला बाहेर ढकलताना मारलेल्या चापटीचा म्हणतात तो, आधी गुबगुबीत होता, आता सुरकुतायला लागला. सगळं मला दिसत होतं. दिसूनही मी पाणी पीत नव्हते. याला काय म्हणतात मला माहीत नाही, पण माया म्हणत नाहीत एवढं नक्की.

गुरुवारी जेवताना सासूबाईंनी विषय काढला. ग्युहो, माझा नवरा, बंदरावरून येऊन नुकताच बसला होता. "रविवारच्या बसने मी पोरीला घेऊन वान्दोला जाते," त्या म्हणाल्या. "थोरलीचं पोर आता दोन महिन्यांचं आहे, तिला दूध उतू जातं. तिच्याजवळ ठेवू. ही बरी झाली की येईल न्यायला." मी माशाचे काटे काढत राहिले. ग्युहो म्हणाला, "अगं, आईचं म्हणणं चूक नाही. थोडे दिवस जाऊ दे. तू झोप काढ."

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला तर दोघी इथे हव्या. पण खरं सांगू का? तू तिच्याकडे बघतेस ना, ते कशी बघतेस माहितेय? बसची वाट बघत असल्यासारखी." मग त्याला वाटलं जास्त झालं, म्हणून हसत म्हणाला, "बँकेत टोकन देऊन ताटकळत ठेवतेस तसं पोरीला ठेवू नकोस एवढंच."

"तिला काय विचारतोस," सासूबाई म्हणाल्या, कुणालाच न म्हटल्यासारखं. "ज्या हाताला ओढ नाही त्या हाताला विचारून काय उपयोग."

बोलायला जागा होती. तोंड उघडायचा अवकाश होता. पण तोंड उघडलं की त्या पट्टीत पाय दिसतील, ग्युहोचे, सासूबाईंचे, सासऱ्यांचे, थोरल्या नणंदेचे, असं मला वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि, हेही सांगायला हवं, मनाच्या एका कोपऱ्यात बरं वाटलं. कोंगी गेली तर उचलायला काही राहणार नाही. घरात मी आणि ते जे कोण आहे ते, दोघी निवांत गळत बसू. "चालेल," मी म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परक्या घरात जेवत आहे असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोंगीची पिशवी भरायला घेतली.

शनिवारी दुपारी कोंगी निजली होती, मी तिच्या शेजारी निजल्याचं सोंग घेऊन पडले होते. घरात एक आवाज येत होता. सुरुवातीला मला वाटलं शेवाळच. मग वाटलं कुणीतरी सुकी पानं चुरतंय. खरखर, थांबून, पुन्हा खरखर. आणि त्याच्या खाली पुटपुट, जशी आपण दुसऱ्या खोलीतल्या माणसाशी बोलतो तशी नाही, अगदी तोंडाजवळ बसलेल्या माणसाशी बोलतो तशी. पूर्वेकडच्या खोलीतून. आली ती, मला वाटलं. आणि आता तिच्याशी कुणीतरी बोलतंय. मी रांगत गेले, उठले तर सुटेल म्हणून रांगत. सरकतं दार पूर्ण लागलेलं नव्हतं.

सासूबाई गुडघ्यांवर होत्या. समोर लहान चौरंग, त्यावर भाताचा वाडगा, कढणाचा वाडगा आणि एक काठोकाठ पाण्याचा. दोन्ही तळहात एकमेकांवर घासत होत्या, आमच्याकडच्या जुन्या बायका देवापुढे घासतात तसे, त्यांचीच ती खरखर. ग्युहो असल्या गोष्टींना हसतो, म्हणून गुपचूप. पण त्यांचं तोंड चौरंगाकडे नव्हतं. चौरंगाच्या अलीकडे, दाराजवळ, जमिनीवर एक ओल होती, ताजी, चमकणारी. त्या तिच्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

"आजी," त्या म्हणत होत्या, "जन्माच्या आजी, तुम्ही येता हे मला कळतं. परवा तुमच्या पाण्याजवळ येऊन गेलात, काल न्हाणीपाशी, आज इथपर्यंत. ओल्या पायांनी येता. समुद्रावरून माझ्या मागोमाग आलात, म्हाताऱ्या माणसाने एवढी वाट तुडवलीत. रागावला असाल तर माझ्यावर रागवा. पोरीचं दूध का नेलंत? आणि सुनेच्या अंगातली माया का नेलीत? वाईट मुलगी नाही हो ती. पोरीला हात लावत नाही, तिला लावू द्या." त्यांनी बोट त्या ओलीत बुडवलं आणि कपाळाला लावलं. मग वाकल्या, पार खाली, आणि कपाळ त्या ओलीला टेकवलं.

थोड्याच वेळापूर्वी, त्या भाजी आणायला गेल्या असताना, मी त्याच जागी बसून कोंगीचे वाळलेले कपडे काढले होते. काही पुसलं नव्हतं, कारण काही कळलं नव्हतं. मला हसू आलं. कसलं हसू ते मला सांगता येणार नाही. छातीत उलटीसारखं आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. इतका वेळ मी ज्या कुणाला भीत होते तिला माझी सासू नमस्कार करत होती, आणि ती मी होते. माझ्यासाठीच माझ्याकडे मागणं मागत होती. दार सरकवलं तेव्हा त्यांनी मान वर केली. कपाळ ओलं होतं.

"आई, ती आजी नाही," मी म्हणाले.

"गप. तिच्यासमोर असं बोलू नये."

"आई, उठा. ती माझी लघवी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बोटाकडे. बोट नाकाशी नेलं. "मला समुद्राचा वास आला," त्या अगदी हळू म्हणाल्या. येणारच. महिनाभर या घरात शेवाळाशिवाय काही शिजलं नव्हतं. भिंतींना तो वास होता, कोंगीच्या टाळूला होता, माझ्या घामाला होता, मग त्यालाही असणारच. मी सगळं सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर तोंड थांबेना, तेही गळायला लागल्यासारखं. कळत नाही, उठताना होतं, खोकल्यावर होतं, लिफ्टमधलं कुत्रं बहुतेक मीच, पाणी पीत नाही, कढण मोरीत जातं, कोंगीचे लंगोट मी नेते. "तरीच!" त्या मध्येच म्हणाल्या, "मी म्हणते दूध नाही पोरीला आणि एवढं मुतते कुठून!" मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कशावर कपाळ टेकलं, आणि त्या भडकल्या. "अगं, म्हणजे इतके दिवस मी तुझ्या मुताला हात जोडत होते? आणि तू बघत होतीस?"

"आज पाहिलं. देवाशपथ आजच."

"देवाची शपथ नको घेऊ, त्याला आधीच कळेना झालंय या घरात काय चाललंय." त्यांनी बाहीने कपाळ पुसलं, आणि पुसता पुसता त्यांचा खांदा हलायला लागला. रडतात की काय असं मला वाटलं. हसत होत्या. मीही हसले, आणि हसताना सुटलं असणार, पण त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. मग आम्ही दोघींनी मिळून हिशोब लावला. खिडकीखालची ओल चौरंगावरच्या पाण्याची, वाडगा उचलताना सासूबाईंच्या हातून नकळत सांडलेली, जिला मी त्या दुसऱ्या कुणाची तरी समजले होते. सोफ्याजवळची, न्हाणीजवळची माझी, जिला त्या आजीची समजल्या होत्या. "आणि बाहेरच्या दाराशी? बूट काढतो तिथली, काल सकाळची?" त्यांनी विचारलं. ती मी पाहिलीच नव्हती. तिथे त्यांनी पाणी ठेवलं नव्हतं, आणि काल मी दाराकडे गेलेच नव्हते, म्हणजे मला तरी तसं आठवत होतं. सासूबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं आणि पाण्याचा वाडगा थोडा सरळ केला.

"म्हणून पोरीला उचलत नव्हतीस?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मला वाटलं तुला ती नको आहे."

"मलाही तसंच वाटायला लागलं होतं," मी म्हणाले. "आई, मला भीती वाटते. उचलली नाही उचलली नाही म्हणता म्हणता खरंच नकोशी होईल. उद्या तुम्ही न्याल आणि मला बरं वाटेल. बरं वाटेल याचीच भीती वाटते."

धाकट्या वयात, शेवाळाच्या होड्यांवर वाकून काम करताना त्यांचंही असंच झालं असेल का, ते मी विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं आणि त्यांनी आपण होऊन सांगितलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तो डॉक्टर म्हणाला होता ना तपासणीला ये म्हणून? मग?" मी म्हणाले, लाज वाटते. "मला नाही वाटत," त्या म्हणाल्या. "मी सांगेन त्याला. मोठ्याने सांगेन, बहिरा असला तर." तेवढ्यात कोंगी उठली. आधी ती नुसती कुरकुरते, मग थोडं थांबते, कुणी येतंय का बघते, मग गळा काढते. सासूबाईंचा हात सवयीने जमिनीवर टेकला, उठायला. टेकला तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोंगीने गळा काढला, आणि तरी त्या उठल्या नाहीत. सुरीही नव्हती, आवाज थांबायला. फक्त पोरगी रडत होती आणि आम्ही दोघी ऐकत होतो, आणि मला कळलं की मी उठले नाही तर आता कुणीच उठणार नाही.

मी गेले. वाकले. दोन्ही हात तिच्या खाली घातले. ती तापलेली होती, तिच्या पाठीला घाम होता. उचलली. आणि त्याच क्षणी ते सुटलं, थोडंथोडकं नाही, सगळं, लंगोट ओलांडून, मांड्यांवरून, मोज्यांच्या दोन्ही जोडांत. पण या वेळी गार व्हायची वाट पाहावी लागली नाही. आत, खोल कुठेतरी, सुटण्याच्या आधी एक बारीक कळ आली. सुई टोचल्यासारखी. सुटलं ते त्या कळेनंतर. मला कळलं. थांबवता आलं नाही, पण कळलं. मी तशीच उभी राहिले, पायांखाली कोमट तळं, आणि कोंगीने रडणं थांबवून माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि दूध शोधायला लागली. मागून सासूबाईंची पावलं आली. मी तिला खाली ठेवायला वाकणार होते, आधी हे पुसावं म्हणून.

"ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "धर तिला तशीच. मी पुसते."

त्यांनी फडकं आणलं आणि माझ्या पायांशी गुडघे टेकून बसल्या. एका हाताने माझा घोटा धरला.

"हा पाय उचल," त्या म्हणाल्या. मग मोजा काढला, जमीन पुसली. "आता दुसरा."